पायलीभर कोंड्याचा कागद

अणदूर, ता. तुळजापूर
८ डिसेंबर २०२५

सिताबाई यांस कोंडीरामचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला. थोडाथोडका नाही, दोन वर्षं होत आली. त्याची माफी आधी मागतो. मधे दोन-तीनदा वही घेऊन बसलो होतो, पण पहिल्याच ओळीला अडायचो. तुम्हाला 'तू' लिहावं का 'तुम्ही'? शेजारच्या घरात सून म्हणून आलात तेव्हापासून 'तू'च म्हणत आलो. तो हक्क आता राहिलाय का नाही ते कळेना, म्हणून 'तुम्ही' लिहितो.

आमच्या कडूबाईनं तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुमचा भाचा कृष्णराज म्हणाला, "आत्या रानात गेलीया." सकाळी रानात, दुपारी रानात, रविवारीसुद्धा रानात. म्हातारा झालो तरी एवढं कळतं.

मुद्द्याचं लिहितो. शिवांजलीला सरकारनं नेलंय. तीन आठवडे झाले. घाबरू नका, पोरगी बरी आहे. धाराशिवला बालगृहात आहे, जेवण वेळेवर मिळतं, शाळेतही पाठवतात. पण घरी नाही. बालकल्याण समिती म्हणून असते, पोरांच्या बाबतीत कोर्टासारखीच. चौकशी होईपर्यंत पोरगी तिथंच राहील, असं त्या समितीनं सांगितलंय.

कारण तो कागद. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण पत्र कृष्णराज वाचून दाखवणार, आणि त्याला ठाऊक नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या मल्लेशची पहिली दोन लेकरं पाचवी पुजायच्या आत गेली. तिसरी शिवांजली. कडूबाई म्हणाली, ही कोंड्यावर द्यायची. म्हणजे लेकरं नेणाऱ्या सटवीला वाटावं की पोर या घरची नाहीच. तुम्ही सुपात पायलीभर कोंडा घेऊन आलात, तो सून दीपालीच्या पुढं ओतला आणि पोर पदरात घेऊन आपल्या उंबऱ्यात जाऊन बसलात. दिवेलागणीला परत आणून सुनेच्या मांडीवर ठेवली आणि म्हणालात, "माझं लेकरू हाय, जरा सांभाळा." त्या दिवसापासून ती बोलण्यात तुमची, आणि आमच्याकडं फक्त सांभाळायला. गावात अशी कितीतरी माणसं आहेत. मी स्वतः त्यातलाच. उगीच का माझं नाव कोंडीराम पडलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण माझा स्वभाव तुम्ही जाणता. मला वाटलं, तोंडी दिलेलं सटवी कशाला मानेल? आपल्या गावचा खंडोबासुद्धा नळदुर्गला जातो तेव्हा दोन्ही गावांत लेखी करार होतो. देवाला कागद लागतो, मग लेकराला का नको? मी तुळजापूरला तहसीलसमोर बसणारे अर्जनवीस नारायणराव यांच्याकडून स्टँपवर पक्कं लिहून घेतलं. 'मुलगी कायमची सिताबाईस दिली, मोबदला पायलीभर कोंडा पोचला, पुन्हा मागणार नाही.' खाली मल्लेश-दीपालीची सही, तुमचा अंगठा, साक्षीदार मी. नारायणरावांनी विचारलं होतं, "परत घेतल्याचाही कागद करायचा का?" मी म्हणालो, नको. तो केला तर पहिल्याला काय अर्थ?

आता मल्लेश-दीपाली हायवेवर अपघातात गेले त्याला तिसरं वर्ष. नारायणरावही वारले. सरकारच्या लेखी आम्ही पोर विकली, आणि विकत घेणाऱ्या तुम्ही.

तो कागद त्यांच्या हाती कसा गेला ते नीट सांगता येत नाही. ऑफिसात कागद इकडचे तिकडे होतात.

तारीख २६ डिसेंबरला आहे, शुक्रवारी, सकाळी अकराला. तुम्ही फक्त येऊन एवढं सांगायचं, की ही रीत होती, कागद खोटा होता. आपल्यात जे झालं ते झालं. मी धाराशिवच्या स्टँडवर थांबतो. संध्याकाळच्या गाडीनं तुम्हाला परत जाता येईल.

आपला,
कोंडीराम


अणदूर
१९ डिसेंबर

सिताबाई,

पोचपावती आली. तिच्यावर कृष्णराजची सही आहे. म्हणजे पत्र परंड्याला तुमच्या भावाच्या घरी पोचलं. तुम्हाला पोचलं का, ते पावतीवरून कळत नाही.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं, ते मनाला लागून राहिलंय. कागद इकडचा तिकडं झाला नाही. मीच नेऊन दिला.

आईबाप नसलेल्या पोरांसाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे. शाळेतल्या गुरुजींनी कोणते सहा कागद लागतात ते लिहून दिलं होतं. मी योजनेच्या ऑफिसात अख्खी पिशवीच नेली. मागतील तेवढंच द्यावं आणि नेमकं एखादं राहावं, मग पुन्हा हेलपाटा. माझे गुडघे आता हेलपाट्याचे राहिले नाहीत. पिशवीत सातबारा, मृत्यूचे दाखले, लसीचं कार्ड, कडूबाईच्या डोळ्याचे कागद, आणि तळाशी तो स्टँप. मी सगळं तिथल्या बाईंच्या टेबलावर पालथं केलं. म्हणालो, "बघा बाई, तुमच्यापासून काय लपवून ठेवलं न्हाय."

त्या बाईनं स्टँप उलगडला. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला.

"आजोबा, हे काय?"

"पोरगी दिल्याचा कागद हाय."

"कुणाला दिली?"

"शेजारणीला."

"आणि बदल्यात?"

मी हसत म्हणालो, "कोंडा." आपल्याकडं कुणीही हसलं असतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं आणि दार लोटून फोन लावला.

त्या बाईंवर मी रागावलो होतो. आता नाही. पोरं खरोखर विकली जातात, ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर जातात, कुठं लग्नाच्या नावाखाली जातात. म्हणून तर कायदा केला. माझा कागद त्यांनी हसून बाजूला ठेवला असता, तर उद्या कुणाचा खरा कागदही हसण्यावारी गेला असता. चूक माझीच. सटवीला फसवायला लिहिलं आणि सरकार फसलं.

रविवारी पोरीला भेटून आलो. आता गोधडीचं सांगावं लागेल. गेल्या वर्षीच्या दिवाळीत तुम्ही एसटीच्या कंडक्टरजवळ शिवांजलीसाठी गोधडी धाडली होती. ती मी घेतली आणि माळ्यावर जुन्या पोत्यात कोंबली. घरात बोललो नाही. जायच्या आदल्या दिवशी कडूबाई शिडी लावा म्हणाली आणि खालून सांगत राहिली, "डाव्या अंगाचं पोतं. चाचपून बघा." मी म्हणालो, "तुला ठाऊक हुतं?" तर म्हणे, "कंडक्टर आधी माझ्याशी बोलला. म्या म्हनलं, बघावं म्हातारा कवा काढतोय. वरीस लावलं तुमी."

डोळ्यांनी दिसत नाही तरी गोधडी स्वतःच काखेत धरून बसली, तुळजापूर गेलं, धाराशिव आलं, माझ्या हातात दिली नाही.

शिवांजलीनं गोधडी मांडीवर घेतली आणि एकेका ठिगळावर बोट ठेवत गेली. हिरव्या लुगड्याच्या तुकड्यावर थांबली. "ही कुणी शिवली?" कडूबाईनं माझ्याकडं तोंड केलं. मी म्हणालो, "बाजारातनं आणली."

पोरीनं गोधडीची घडी करून ठेवली.

२६ तारखेला या. विसरू नका.

कोंडीराम


धाराशिव स्टँड, नंतर अणदूर
२७ डिसेंबर

सिताबाई,

काल तुम्ही आला नाहीत. परंड्याकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दारात उभा राहिलो. हे पत्र स्टँडवरच लिहायला घेतलं होतं. आज घरी पुरं करतोय.

समितीत तीन-चार माणसं असतात. आमच्याशी बोलल्या त्या मैथिली मॅडम. तरुण आहेत, आवाज न चढवता बोलतात. त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं, आणि म्हणालो, हेच नाव माझा पुरावा. माझ्याआधीची तीन भावंडं गेली म्हणून मलाही असंच कोंड्यावर टाकलं होतं. त्यांनी कडूबाईकडं पाहिलं. ती म्हणाली, "माझंबी तसंच, मॅडम. म्या कडू, ह्यो कोंडा. सटवीनं दोघांलाबी नगं म्हनून टाकून दिलं, म्हनून इतकी वर्सं एकमेकाच्या नशिबी ऱ्हायलो."

मॅडम हसल्या. मला वाटलं, सुटलो.

त्या म्हणाल्या, "आजोबा, मला पटतंय. पण मला पटलं एवढं लिहून भागत नाही. कागदावर जिचा अंगठा आहे, ती बाई कुठं आहे?"

मी म्हणालो, "परंड्याला भावाकडं असती. येणार हुती."

"तिनं गाव का सोडलं?"

मी म्हणालो, घरगुती कारण असेल. कडूबाईनं मान खाली घातली.

मग शिवांजलीला आत आणलं. तिला आमच्या शेजारी नाही, मॅडमच्या शेजारी बसवलं. मॅडमनी विचारलं, "तुझी माणसं कोण कोण आहेत?"

"आजा. आजी. आन् कोंड्याची आई."

"ती कुठं राहते?"

"परंड्याला. तिनंच मला गोधडी शिवली. आज्यानं तिला हाकलली."

आवाज चढवून नाही, रडून नाही. बाजारातून गूळ आणला म्हणावं, तशा आवाजात म्हणाली. म्हणजे गोधडीबद्दल मी खोटं बोललो तेही तिला कळलं होतं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प बसली होती. सिताबाई, आठ वर्षांच्या पोरीनं मला सांभाळून घेतलं.

कृष्णराज, बाळा, तू वाचत असशील तर पुढचं सगळं वाचून दाखव. मला लाज वाटेल म्हणून गाळू नकोस.

मल्लेश-दीपाली गेल्यावर शिवांजली तुमच्याच घरात जास्त असायची. कडूबाईला दिसत नव्हतं, मला करता येत नव्हतं. वेणी तुम्ही घालायचा, अभ्यास तुमच्या ओसरीवर. त्या संक्रांतीला तिला ताप आला आणि तुम्ही तीन दिवस तिला आपल्याकडं ठेवलं. चौथ्या दिवशी मी बोलवायला आलो तर पोरगी म्हणाली, "म्या इथंच ऱ्हाते." माझ्या डोक्यात कागद शिरला. वाटलं, मुलगा गेला, सून गेली, आता ही अंगठा दाखवून पोरही नेईल. मी गल्लीत उभं राहून ओरडलो. तुम्हाला कागदावरून बोललो ते बोललोच. पण मूल नसलेल्या बाईला जो शब्द कधी बोलू नये, तो बोललो. तो इथं लिहीत नाही. तुमच्या कानावर तो दुसऱ्यांदा पडायला नको.

तुम्ही एकच म्हणालात. "मामा, कागद तुमीच केला. म्या तर अंगठा कशाला लावला त्येबी इचारलं न्हवतं."

आणि आठवड्यात घराला कुलूप लावून गेलात.

मॅडमनी शेवटी विचारलं, "आजोबा, तुमचं वय शहात्तर. आजींना दिसत नाही. पोरीला अजून दहा वर्षं कुणीतरी लागेल. तुमच्यानंतर कोण?" त्या म्हणाल्या, कुणीच नसेल तर तिच्यासाठी दुसरं घर बघावं लागेल, कायद्यानं. म्हणजे दत्तक. म्हणजे कुठंतरी लांब, आम्हाला ठावठिकाणा न सांगता. पुढची तारीख ३० जानेवारी दिलीय.

परतीच्या गाडीत कडूबाई अवाक्षर बोलली नाही. ती रागावते तेव्हा बोलते. ही गप्प बसली, याची मला जास्त भीती वाटते.

कोंडीराम


अणदूर
१४ जानेवारी २०२६, संक्रांत

सिताबाई,

आज 'तू' लिहितो. रागव, पण 'तुम्ही' लिहून मी तुझ्याशी दुसऱ्या गावच्या माणसासारखं बोलत होतो, आणि मागत मात्र घरच्यासारखं होतो.

तुला तीन पत्रं टाकली हे कडूबाईला ठाऊक होतं. परवा म्हणाली, "वाचून दावा काय काय लिवलं." कच्ची वही होती, त्यातून वाचलं. 'संध्याकाळच्या गाडीनं परत जाता येईल' इथं आल्यावर तिनं थांबवलं.

"कामापुरती बोलवताय व्हय तिला? बयान दिलं की परत यष्टीत बसवनार?"

मी म्हणालो, "अगं, तिला सोयीचं व्हावं म्हणून लिहिलं."

"सोय!" म्हणाली. "पोर जगवायला तिचा पदर पाहिजे हुता, पोर सोडवायला तिचा अंगठा पाहिजे. मधल्या टायमाला बाई कुठं पाहिजे तुमाला?"

मी वही मिटली.

गेल्या शुक्रवारी मैथिली मॅडमनी धाराशिवला एका सभेला बोलावलं होतं. मुलांच्या कायद्याचे राज्याचे नियम बदलायचे म्हणतात, त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायचं. मोठा हॉल, पंखे, पुढं साहेब लोक, संस्थांची माणसं, अंगणवाडीच्या बाया. ज्याला त्याला माईक देत होते. माझी सहावीपर्यंतची शाळा, मी कशाला बोलतोय? पण माईक फिरत फिरत माझ्या हातात आला आणि पुढं द्यायला शेजारची खुर्ची रिकामी.

उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, म्या तुमचा फॉर्म भरलाय. त्यात आईचा खाना हाय, बापाचा हाय, कोर्टानं नेमलेल्या पालकाचा हाय. आजा 'इतर' मधी बसतो. शेजारीण तर कुठंच बसत न्हाय. आमच्याकडं लेकरू चार घरं मिळून वाढवत्यात. त्यातली तीन घरं तुमच्या कागदावरच न्हायती. मग लेकरावर येळ आली की तुमी म्हनता, याला कुनीच न्हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, आणि चार घरांनी मिळून विकलं तर?"

लोक हसले. म्हणालो, "तर चारी घरांची चौकशी करा. पोलीस घाला. पण आधी नावं तर लिवा."

पुढच्या साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं. ते कुठं जाईल, कधी छापून येईल, येईल तेव्हा मी असेन का नसेन, देव जाणे. तास-दीड तासानं चहा झाला आणि खुर्च्या उचलायला लागले. दमलो होतो. पायरीवर बसलो, तर मॅडम शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "नियम बदलतील तेव्हा बदलतील. पण आजच्या कायद्यातही एक वाट आहे. रक्ताचं नसलेलं माणूस प्रतिपालक होऊ शकतं. घर बघतात, चौकशी करतात, पोरीला विचारतात, पुढंही येऊन तपासत राहतात. अवघड आहे, वेळ लागतो, पण होतं."

मी विचारलं, "शेजारीण चालंल?"

त्या म्हणाल्या, "ते समिती बघेल. बाई तयार आहेत का, ते आधी विचारा. आणि आजोबा, विचारा. गृहीत धरू नका."

म्हणून विचारतोय.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, कागद खोटा होता एवढं सांगायला या. ते मी खोडतो. जे खरं ते तू सांगच, की पैसा नव्हता, विकणं नव्हतं, रीत होती. पण तेवढ्यावर परत जाऊ नकोस. खोट्यानं केलेला कागद तू आठ वर्षं खरा धरून वागलीस. वेणी घातलीस, ताप उतरवलास, परंड्यात बसून गोधडी शिवलीस. आम्ही रीत म्हणून पोर दिली, तू लेकरू म्हणून घेतलीस. मी मात्र माझ्याच सहीला भ्यालो. आता तो कागद कायद्यानं खरा करायला ये. पोरगी तुझ्या घरी राहील, आम्ही शेजारचे म्हातारा-म्हातारी. वेळप्रसंगी तू म्हणशील, "माझं लेकरू हाय, जरा सांभाळा," तेव्हा आम्ही सांभाळू.

जो शब्द बोललो त्याची माफी पत्रात मागून पुरत नाही, हे ठाऊक आहे. ज्या गल्लीत बोललो त्याच गल्लीत उभं राहून मागेन. लोक ऐकू देत.

तुझ्या घराची किल्ली कडूबाईकडं आहे. काल जाऊन उघडलं. झाडून घेतलं. तुळस वाळून गेलीय, ते लपवत नाही. पत्रा एका कोपऱ्याला गळतोय, माणूस सांगितलाय. ओसरीवर शिवांजलीची पाटी तशीच भिंतीला टेकलेली होती, ती पुसली नाही.

देव नळदुर्गहून परत आलाय. जाताना कागद, येताना कागद, सगळं ठरल्याप्रमाणं. दर्शनाला गेलो तर काय मागावं ते सुचेना. नुसता उभा राहून आलो.

मॅडमना मी विचारलं होतं, येताना कोंडा आणावा लागेल का. त्या हसल्या. म्हणाल्या, "कोंडा नको. बाईंचं आधार कार्ड आणि दोन फोटो."

तीस तारीख, शुक्रवार, सकाळी अकरा. यायचं मनात नसेल तर तसंही सांग, मी पोरीला तिच्या तोंडावर खरं सांगेन. तिच्याशी आता खोटं बोलवत नाही. पण रानात गेलीया, असं सांगू नकोस. हो असो, नाही असो, एका ओळीत कळव. लवकर कळव, बाई.

तुझा मामा,
कोंडीराम